सोपेपणा आणि स्पष्टता : मराठी ख्रिस्ती निरूपणाच्या भाषेचा विचार

१

इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रथम छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याला ग्रंथकर्त्याची एक लहानशी गद्य प्रस्तावना जोडलेली आहे. स्टीफन्सने मराठीची जी स्तुती ओव्यांतून केली ती सर्वतोमुखी झाली आहे; तथापि भाषाविचाराच्या दृष्टीने त्या ओव्यांपेक्षा हे गद्य निवेदन अधिक मोलाचे आहे. त्यात त्याने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, या देशातील भाषांपैकी मराठी ही परमेश्वरविषयक गोष्टींच्या निरूपणास योग्य वाटल्यामुळे तिची निवड केली. दुसरी, शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळत नाही, म्हणून मागील कवींचे अवघड शब्द टाकून, समकालीन कवींच्या रीतीस अनुसरून, ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले आणि कवित्व सोपे केले. ब्राह्मणांची बोली म्हणजे त्या प्रदेशातील कोकणी, हे अभ्यासकांना विदितच आहे.

या निवेदनात एक प्रमाण गृहीत धरलेले आहे. भाषा शुद्ध आहे की नाही हे ग्रंथाने ठरवावे, परंतु ती पुरेशी आहे की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवावे. स्टीफन्स हा इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यास आलेला जेझुइट धर्मोपदेशक. ज्या भाषेची थोरवी तो गातो, तीच भाषा श्रोत्यासाठी थोडी अशुद्ध करण्यास तो कचरत नाही. स्तुती आणि हा व्यवहार यांत विसंगती नाही. भाषेवर प्रेम असणे आणि ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचते की नाही याची काळजी वाहणे, ही एकाच वृत्तीची दोन अंगे आहेत.

ही वृत्ती मराठीला स्टीफन्सने दिली, असे मात्र म्हणता येणार नाही. ती त्याच्या आधी तीन शतके गोदावरीच्या काठी सिद्ध झाली होती. चक्रधरांचे वास्तव्य ज्या पैठण परिसरात घडले त्या परिसरातील मराठीतच त्यांनी निरूपण केले, आणि त्यांच्या पश्चात नागदेवाचार्यांनी संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्या पंडित शिष्यांना आवरले. तसे केल्यास पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे असल्याचे ‘स्मृतिस्थळा’वरून कळते. त्याच पैठणचे एकनाथ वयाने स्टीफन्सहून थोडे वडील, पण समकालीनच. त्यांनी भागवत ओवीत आणले आणि भारुडांतून नाना जातीजमातींच्या तोंडची भाषा परमार्थाला जुंपली. ‘क्रिस्तपुराणा’ची ओवी ही या परंपरेतील ओवी आहे. म्हणून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या भाषेचा विचार परकीयांनी शिकलेल्या भाषेचा विचार म्हणून करणे अपुरे ठरेल. मराठी धर्मनिरूपणाने स्वतःला जो प्रश्न वारंवार विचारला, त्याच प्रश्नाचे ते एक प्रकरण आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एक भाग तपासावयाचा आहे. धार्मिक भाषा सोपी असावी, हे आज कोणालाही मान्य होते. परंतु ‘सोपी’ आणि ‘स्पष्ट’ हे दोन शब्द सामान्यतः एकाच अर्थाने वापरले जातात. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा चारशे वर्षांचा अनुभव असे दाखवितो की, या दोन गोष्टी भिन्न आहेत. शब्द सोपे असूनही निरूपण अस्पष्ट राहू शकते, आणि शब्द अपरिचित असूनही ते स्पष्ट होऊ शकते.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘क्रिस्तपुराणा’तील शब्दसंग्रह दोन टोकांचा आहे. स्वर्गाला स्टीफन्स वैकुंठ म्हणतो. ईश्वरविषयक विशेषणे तो पुराणपरंपरेतून निःसंकोच घेतो. उलट ख्रिस्ती संस्कारांची व पवित्र आत्म्याची नावे तो पोर्तुगीज-लॅटिन रूपांतच ठेवतो. वरवर पाहता ही सरमिसळ वाटेल. पण तिच्यामागे एक तारतम्य दिसते. जी कल्पना श्रोत्याच्या मनात कोणत्या तरी रूपाने आधीच आहे, तिच्यासाठी त्याचाच शब्द. जो विधी सर्वस्वी नवा आहे, त्याच्यासाठी नवे नाव. हा विधी श्रोता डोळ्यांनी पाहणारच असतो. मूल पाण्याजवळ आणले जाते, त्याच्या मस्तकावर पाणी ओतले जाते, आणि ‘बाप्तिस्मा’ या शब्दाचा अर्थ कोशाविना कळतो. अपरिचित शब्दाला पूर्वीचा अर्थ नसतो, त्यामुळे त्याचा विपरीत अर्थ होण्याचे भयही कमी असते.

हे भय परिचित शब्दांच्या बाबतीत खरे असते. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द घ्यावा. मराठी श्रोत्याला तो पूर्णपणे कळतो. ज्याने दोष केला त्यानेच ते घ्यावयाचे असते. शिवाय जातीबाहेर पडलेल्यास पुन्हा जातीत घेण्याच्या विधीशीही या शब्दाचा निकट संबंध राहिला आहे. ख्रिस्ती सिद्धांतात मात्र एकाने सर्वांच्या वतीने केलेल्या आत्मार्पणासाठी हा शब्द योजिला जातो. म्हणजे कर्ता बदलतो, आणि कर्ता बदलताच शब्दाचा अर्थ उलटा होतो. उपदेशक ‘प्रायश्चित्त’ म्हणतो तेव्हा श्रोता मान डोलावतो; दोघांच्या मनांत मात्र परस्परविरुद्ध चित्रे असतात. न समजलेल्या शब्दापाशी श्रोता निदान अडखळतो आणि विचारतो. चुकीचा समजलेला शब्द त्याला अडखळूही देत नाही.

‘तारण’ हा शब्द याहून बोलका आहे. मराठी ख्रिस्ती भाषेत तो मुक्तीचा, उद्धाराचा मध्यवर्ती शब्द झाला आहे. पण शेतकरी-कष्टकऱ्यांच्या नित्य व्यवहारात तारण म्हणजे कर्जासाठी सावकाराकडे ठेवलेली वस्तू: दागिना, भांडे, जमिनीचा तुकडा. एका अर्थी तारण सोडविते, तर दुसऱ्या अर्थी ते अडकून पडलेले असते. व्युत्पत्ती सांगून हा विरोध मिटत नाही, कारण श्रोता व्युत्पत्तीत राहत नसून व्यवहारात राहतो. कुशल उपदेशक या दोन अर्थांच्या मधोमध उभा राहून बोलू शकेल: अडकलेली वस्तू कोणी तरी किंमत भरून सोडवून आणावी, तसे हे सोडविणे आहे, असे तो सांगेल. परंतु त्यासाठी त्याला दोन्ही अर्थ ठाऊक असले पाहिजेत. ज्याला फक्त धर्मशास्त्रातील अर्थ ठाऊक आहे, त्याचा हा साधा, लहान, अस्सल मराठी शब्दही दुर्बोधच ठरेल.

तीच गोष्ट नव्या जन्माच्या कल्पनेची. योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा विद्वान या कल्पनेपाशी गोंधळतो. मराठी श्रोत्याचा गोंधळ त्याच्याहून वेगळा असणार. निकदेमाला पुन्हा जन्म अशक्य वाटतो. पुनर्जन्म मानणाऱ्या समाजात तो अटळ वाटतो, किंबहुना त्यातूनच सुटावयाचे असते. शब्दांची निवड कितीही साधी असली तरी ज्या उपदेशकाने हा भेद मांडला नाही, त्याने श्रोत्याला कळले असे समजणे धाडसाचे होईल.

या तीन उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो. शब्दाची सुगमता ही त्या शब्दाच्या लांबीत, उच्चारात किंवा तो तत्सम आहे की तद्भव यात नाही. ती शब्दाच्या पूर्वीच्या संसारात आहे. स्टीफन्सचे वैशिष्ट्य हे की, त्याने शब्द केवळ सोपे केले नाहीत. कोणता जुना शब्द नव्या अर्थाचे ओझे वाहील आणि कोणता वाहणार नाही, याचा निवाडा करण्याचा त्याने यत्न केला. त्या सर्वच निवाड्यांत त्याला यश आले, असे मात्र म्हणवत नाही. वैकुंठ या शब्दाबरोबर विष्णूचे सान्निध्य येणारच, आणि ते श्रोत्याच्या मनातून कोणतीही प्रस्तावना काढू शकत नाही.

३

शब्दांनंतर वाक्य. एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे केंद्र गोव्याहून बंगालमार्गे मुंबईस व अहमदनगरास आले. श्रीरामपूर येथे विल्यम केरी याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर प्रसिद्ध केले; १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नवा करार त्यापाठोपाठ आले. ही कामगिरी अद्भुत खरी. परंतु ती महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, नागपूरकडील पंडिताच्या साहाय्याने झाली. मुंबईस १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती येथील लोकांसाठी पुरेशी वाटली नाही. त्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले आणि १८२६ मध्ये त्यांचा संपूर्ण नवा करार छापून निघाला. पुढे १८४२ मध्ये अहमदनगर येथून ‘ज्ञानोदय’ सुरू झाला आणि ख्रिस्ती गद्याला नियमित वाचक मिळाला.

या गद्यावर ‘पाद्र्यांची मराठी’ असा जो शिक्का बसला, त्याचे कारण बहुधा शब्दांत शोधले जाते. वस्तुतः त्यातील शब्द पुष्कळदा साधेच असतात. परके असते ते वाक्य. हे दाखविण्यासाठी एक वाक्य मुद्दाम रचून पाहता येईल: ‘तो मनुष्य, ज्याने आपला पैसा, जो त्याला वडिलांकडून मिळाला होता, गरिबांना, जे त्याच्या दाराशी उभे होते, दिला नाही, सुखी झाला नाही.’ यात एकही अवघड शब्द नाही. तरीही ऐकणाऱ्याला ते पहिल्या खेपेस कळणार नाही, कारण नामामागून संबंधी वाक्य जोडण्याची ही रीत मराठीची नव्हे. मराठी संबंधी वाक्य सामान्यतः आधी येते आणि ‘जो’ला ‘तो’ने उत्तर मिळते, किंवा कृदंताच्या साहाय्याने ते नामाच्या आधीच विशेषण होऊन बसते. ‘वडिलांकडून मिळालेला पैसा दाराशी उभ्या असलेल्या गरिबांना ज्याने दिला नाही, तो सुखी झाला नाही’ हे वाक्य आधीच्या वाक्याइतकेच भरगच्च आहे. परंतु ते मराठी आहे, आणि म्हणून स्पष्ट आहे. बोलणारा माणूस तर याहीपुढे जाईल: ‘वडिलांनी ठेवलेला पैसा त्याच्यापाशी होता. गरीब दाराशी उभे होते. त्यांना त्याने काही दिले नाही. आणि सुख त्यालाही लाभले नाही.’

वाक्य लहान असावे, हा नियम येथे फलित होत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या दोन वाक्यांपैकी दुसरे काहीसे आखूड असले, तरी तेही एकच लांब वाक्य आहे. ऐकणाऱ्याला नामापासून क्रियापदापर्यंत जाताना वाटेत किती गोष्टी हातात धरून ठेवाव्या लागतात, यावर स्पष्टता अवलंबून असते. वाचणारा मागे वळू शकतो; ऐकणारा वळू शकत नाही. प्रवचन हे ऐकण्याचे वाङ्मय असल्यामुळे हा भेद तेथे निर्णायक ठरतो.

पंडिता रमाबाईंच्या बायबल भाषांतराचे मर्म या संदर्भात नीट ध्यानात येते. संस्कृतावरील प्रभुत्वामुळे १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविल्या गेलेल्या या विदुषीने उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केडगावच्या मुक्ती सदनात संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे झाले आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी भाषा हा त्यांचा हेतू होता; आणि ज्या संस्कृत शब्दांबरोबर जुने तत्त्वज्ञान नकळत आत येते ते टाळावे, हाही होता. प्रचलित शब्दांच्या पूर्वसंस्कारांची इतकी सूक्ष्म जाणीव दुसऱ्या कोणा मराठी भाषांतरकाराला क्वचितच असेल, कारण ते संस्कृत शब्द त्यांना परके नव्हते. त्यांचे आयुष्यच त्या शब्दांत गेले होते. तथापि शब्दांच्या बाबतीत त्यांनी जो मोकळेपणा घेतला, तो मूळ वाक्याच्या बाबतीत घेतला नाही. मूळ ग्रंथ ईश्वरप्रेरित मानल्यामुळे त्याला शब्दशः धरून राहण्याचा आग्रह त्यांना सोडवेना. परिणामी शब्द घरगुती आणि वाक्याची चाल परदेशी, असा प्रकार जागोजाग होतो. हा दोष कौशल्याच्या अभावातून आलेला नाही. श्रोत्याविषयीची निष्ठा आणि मूळ संहितेविषयीची निष्ठा अशा दोन निष्ठांच्या ओढाताणीतून तो आला आहे, आणि म्हणूनच तो अभ्यासनीय आहे. युजीन नायडा याने १९६४ मध्ये भाषांतराचे शास्त्र मांडताना श्रोत्याच्या प्रतिसादाला जे केंद्रस्थान दिले, त्याने ही ओढाताण संपली असे नाही. फक्त तिची बाजू कोणत्या दिशेला झुकावी, याला एक सैद्धांतिक आधार मिळाला.

४

वाक्याची परकी चाल जेथे शिरू शकली नाही असा मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा एक भाग आहे, तो पद्याचा. हे योगायोगाने घडलेले नाही. ओवीचा चरण किंवा अभंगाचा खंड इतका आटोपशीर असतो की, त्यात नामाला लोंबकळणारे संबंधी वाक्य मावतच नाही. प्रत्येक चरणाशी अर्थ थोडा पुरा व्हावा लागतो, आणि श्रोता तेथे श्वास घेतो. छंद हा अशा रीतीने वाक्यरचनेची चाळणी होतो. जे वाक्य बोलीत चालत नाही ते त्यातून गळून पडते. स्टीफन्स परदेशी असूनही त्याची ओवी परकी वाटत नाही आणि त्याच्यानंतर दोन शतकांनी आलेल्या, अधिक चांगली व्याकरणे हाताशी असलेल्या मिशनऱ्यांचे गद्य परके वाटते, याचे एक कारण येथे आहे. त्याने मराठीचा घाट उचलला; त्यांनी मराठीचे शब्द उचलले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे ओळखले होते. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर राहिले, आणि १९१२ पासून १९१९ मधील मृत्यूपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. ख्रिस्ती कीर्तन नगरकडे त्यांच्या आधीच रुजू लागले होते. टिळकांनी त्याला कवीची वाणी दिली. भजने, अभंग, कीर्तने आणि अपुरे राहिलेले, पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ या सर्वांतून एक भूमिका दिसते. मराठी माणूस देवाविषयी ज्या रीतीने ऐकत आला, त्या रीतीनेच त्याला ऐकवावे. कीर्तनात श्रोता नुसता बसून राहत नाही. तो टाळी देतो, ध्रुपद उचलतो, हसतो. त्याला कळले नाही तर टाळी पडत नाही, आणि कीर्तनकाराला ते तत्काळ समजते. व्यासपीठावरून वाचलेल्या प्रवचनात असा हिशेब होत नाही.

टिळकांच्या पद्धतीलाही मर्यादा आहे, आणि टीकेने ती नोंदविली पाहिजे. भक्तीचा परिचित घाट वापरला की भक्तीचा परिचित भावही आपोआप जागा होतो, आणि श्रोत्याला जे नवे सांगावयाचे होते ते जुन्याच गोडीत विरघळून जाते. कळल्याचा आनंद आणि कळणे यांत अंतर आहे. ‘प्रायश्चित्त’ या शब्दाबाबत जो धोका वर सांगितला, तोच धोका घाटाच्या पातळीवर येथे संभवतो. अभंग ऐकून डोळे ओलावले, एवढ्यावरून अर्थ पोचला असे धरता येत नाही.

गद्यातही मराठी वाक्य ख्रिस्ती अनुभवाला पुरे पडते, याचा निर्विवाद पुरावा मात्र टिळकांच्या घरातच निर्माण झाला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या लेखिकेच्या गद्यात छंदाची चाळणी नाही. पण तिच्या जागी बोलण्याची चाळणी आहे. पतीचे धर्मांतर, त्यातून आलेला वियोग, सोवळेओवळे आणि स्वतःच्या मनाचे हळूहळू झालेले परिवर्तन हा सारा अवघड विषय त्या स्वयंपाकघरातील गोष्ट सांगावी तशा सांगतात. सिद्धांताचा एकही पारिभाषिक शब्द न वापरता एका माणसाचे धर्ममन कसे बदलते, हे वाचकाला कळते. आणि ज्याला ते बदलणे पसंत नाही त्यालाही कळते. स्पष्टतेची याहून कठीण कसोटी नाही.

५

येथवर जो विचार झाला तो शब्द, वाक्य आणि घाट यांचा. त्यापुढचा प्रश्न असा की, स्पष्टता हवी ती कोणासाठी?

स्टीफन्सने मध्यम प्रतीच्या लोकांचा उल्लेख केला आणि त्यांच्यासाठी ब्राह्मणांची बोली मिसळली. म्हणजे त्याच्या सोपेपणालाही एक पत्ता होता. एकोणिसाव्या शतकातील भाषांतरांना साहाय्य करणारे पंडितही बहुतांशी त्याच वर्गातील होते, आणि मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाभोवती जी प्रमाण मराठी स्थिरावली ती मुख्यतः त्यांची मराठी. मराठवाड्यातील चित्र पाहिले म्हणजे या गोष्टीचा अर्थ कळतो. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती खेडे वसविले, आणि औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने पारशी कुळातील रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी काम केले. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, नवरोजी पारशी. त्यांचे खेड्यांतील श्रोते मोठ्या प्रमाणावर मांग व महार समाजांतील, अक्षरापासून शतकानुशतके दूर ठेवलेले. त्यात प्रदेश निजामाच्या अमलाखालचा. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. १९४८ पर्यंत या भागात छापील मराठी ही शिक्षणाची मुख्य वाट नव्हती. ती मुंबई-पुण्याकडून येणारी वस्तू होती. जे गद्य पुण्याच्या वाचकाला सोपे, ते येथील श्रोत्याला दोनदा परके: एकदा प्रदेशाने आणि एकदा जातीने. त्याच्या स्वतःच्या बोलीला बायबलच्या पानात जागा मिळाली नाही. ती मिळाली असेल तर उपदेशकाच्या तोंडी, भजनात आणि बायकांच्या ओव्यांत. आणि ते वाङ्मय कागदावर फारसे उतरले नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, धर्माच्या भाषेत थोडी गूढता असणे स्वाभाविक, नव्हे इष्ट आहे. सर्वच उघड केले तर पावित्र्य उरत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो गूढता आणि दुर्बोधता यांची गल्लत करतो. गूढता विषयात असते, दुर्बोधता भाषेत. एकनाथांच्या भारुडातील विषय गूढच आहे, भाषा मात्र चव्हाट्यावरची आहे. ख्रिस्ती परंपरेतही पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, न कळणाऱ्या भाषेतील हजारो शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द अधिक मोलाचे मानले आहेत. इ. स. ८१३ मध्ये तूर येथील धर्मसभेने, लोकांना कळावे म्हणून प्रवचने बोलभाषेत सांगण्याचा आदेश दिला. त्या वेळी उपासनेची लॅटिन तशीच राहिली, ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ मधील निर्णयानंतर देशभाषांना वाट देऊ लागली. उपासनेच्या भाषेविषयी मतभेद अकराशे वर्षे चालू शकला, परंतु उपदेश कळला पाहिजे हे त्याच्या कितीतरी आधी मान्य झाले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्पष्ट भाषा ही प्रचाराचे हत्यारही होऊ शकते. मग तिचे नैतिक मूल्य ते काय? ‘क्रिस्तपुराण’ ज्या साष्टी प्रदेशात निर्माण झाले तेथे पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, आणि ज्या श्रोत्यांसाठी ते रचले ते आधीच ख्रिस्ती झालेले होते. ग्रंथाच्या आरंभी, पूर्वीच्या पुराणांच्या जागी आपल्याला काही वाचावयास मिळावे अशी मागणी श्रोत्यांतूनच आल्याचा प्रसंग आहे. ती मागणी जितकी हृद्य, तितकीच ती एका पोकळीची साक्ष देणारी आहे. स्टीफन्सची सोपी ओवी ही पोकळी भरते. ती कशी निर्माण झाली, हे ती सांगत नाही. तेव्हा स्पष्ट भाषेने श्रोता स्वतंत्र होतो, असे विधान करणे भाबडेपणाचे होईल.

परंतु याच्या उलट विधान मात्र ठामपणे करता येते. भाषा स्पष्ट नसेल तर श्रोत्याचे स्वातंत्र्य सुरूच होत नाही. ज्याला कळले नाही तो नाकारू शकत नाही. तो फक्त मान डोलावू शकतो किंवा उठून जाऊ शकतो. कळलेल्या माणसाला तिसरा मार्ग खुला होतो. तो प्रश्न विचारतो, वाद घालतो, उपदेशकाचीच वाक्ये त्याच्यावर उलटवितो. दुर्बोध उपदेशाला आज्ञाधारक श्रोता मिळतो, स्पष्ट उपदेशाला उत्तर देणारा. सत्तेलाही हे कळत असावे. गोव्यात स्टीफन्सच्या मृत्यूनंतर सात दशकांच्या आत, १६८४ मध्ये, तेथील लोकांनी स्वतःची भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान निघाले. ज्या मिशनने लोकांच्या भाषेची व्याकरणे रचली, त्याच मिशनला छत्रछाया देणाऱ्या सत्तेला ती भाषा नकोशी झाली. ही घटना स्पष्ट भाषेच्या सामर्थ्याची उलट्या बाजूने दिलेली पावती आहे.

६

या विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यात असा. धर्मनिरूपणाची स्पष्टता तीन पातळ्यांवर तपासली पाहिजे. शब्दाच्या पातळीवर तो साधा आहे काय, हे विचारून भागत नाही. श्रोत्याच्या व्यवहारात त्याचा आधीचा अर्थ कोणता, हे विचारले पाहिजे. वाक्याच्या पातळीवर लांबी मोजून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या स्मरणावर ते किती भार टाकते, हे पाहिले पाहिजे. घाटाच्या पातळीवर तो परिचित आहे एवढ्याने भागत नाही. परिचयाच्या गोडीत नवा आशय हरवतो काय, हे तपासले पाहिजे. स्टीफन्स पहिल्या व तिसऱ्या पातळीवर, रमाबाई पहिल्या पातळीवर, टिळक दुसऱ्या व तिसऱ्या पातळीवर विशेष सावध आहेत. लक्ष्मीबाईंनी या पातळ्यांचा विचार केला असेल असे वाटत नाही. त्या फक्त समोरच्या माणसाशी बोलल्या, आणि तिन्ही पातळ्यांवर उतरल्या.

मराठवाड्यातील पदव्युत्तर अभ्यासकांपुढे येथे एक काम पडून आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना व बीड या भागांतील खेड्यांत होणारी मराठी प्रवचने ध्वनिमुद्रित करावीत. एवढेच नव्हे, तर प्रवचन संपल्यावर श्रोत्यांनी ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगावे आणि तेही मुद्रित व्हावे. उपदेशकाचे शब्द आणि श्रोत्याचे पुनर्निवेदन यांतील अंतर हेच स्पष्टतेचे माप होय. हे माप ख्रिस्ती प्रवचनापुरते मर्यादित राहण्याचे कारण नाही. कीर्तन, धम्मदेसना, जुम्म्याचे प्रवचन, आणि विद्यापीठातील व्याख्यान यांनाही ते लावता येईल. कदाचित शेवटच्याला ते लावणे सर्वांत अवघड जाईल.

सात शतकांपूर्वी नागदेवाचार्यांनी पंडित शिष्यांपुढे जे माप ठेवले, त्याची जागा अद्याप दुसऱ्या कोणत्याही मापाने घेतलेली नाही. सभेच्या कडेला बसलेल्या म्हातारीला घरी जाऊन सुनेला काय सांगता येते, आणि त्यावर तिला स्वतःचे काय म्हणता येते, एवढेच ते माप आहे.